वेगळी राहिलेली सून

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात उज्जैनच्या जुन्या शहरातल्या एका वाड्यात सून वेगळी राहायला लागली. वाडा माझ्या आजोळचा, सून माझ्या मामेभावाची बायको. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. वेगळी राहायला लागली म्हणजे फार लांब गेली नाही. चौकातल्या जिन्याच्या तेरा पायऱ्या चढून माडीवरच्या खोलीत गेली. बरोबर एक गादी, पाण्याची कळशी, विजेची केटली आणि एक ताट-वाटी. पण गल्लीला एवढं पुरलं. समोरच्या काकूंनी खिडकीतून मामीला विचारलंच, "काय हो, काही झालं का घरात? सून वेगळी राहते म्हणे."

मराठीत या वाक्याला दुसरा अर्थच नाही. सुनेने चूल वेगळी मांडली की घर फुटलं. मामी म्हणाली, "झालं काही नाही. तिची कोरोना वॉर्डात ड्युटी लागली आहे." काकूंनी पुढे काही न बोलता खिडकी लावून घेतली. भांडण असतं तर तासभर थांबल्या असत्या.

मी तेव्हा पुण्यात अडकले होते. हे सगळं फोनवर तुकड्यातुकड्याने कळत होतं. गेल्या हिवाळ्यात मुद्दाम आठ दिवस उज्जैनला जाऊन राहिले आणि वहिनीला, मामीला, आजीला पुन्हा सगळं नीट विचारून घेतलं. तिघींच्या आठवणी जुळत नाहीत. वहिनीच्या मते ती अकरा महिने वर होती, मामीच्या मते "अगं, वर्ष होऊन गेलं होतं", आणि आजीच्या मते सून वर गेलीच नव्हती, "बाहेरची बसली होती." आजीच्या या शब्दाकडे मला पुढे यायचंच आहे.

आधी गावाबद्दल थोडं. मध्य प्रदेशातला कोरोनाचा पहिला मृत्यू उज्जैनच्या एका बाईंचा. वय ६५, इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, २५ मार्च २०२० रोजी. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. त्यानंतर महिनाभर उज्जैनचं नाव महाकालापेक्षा मृत्युदरासाठी जास्त घेतलं गेलं. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ पाचातला एक दगावत होता. चाचण्या कमी आणि लोक दवाखान्यात येणार अगदी शेवटी, त्यामुळे आकडा फुगला असणार हे आज शांतपणे म्हणता येतं. त्या वेळी वॉर्डात उभ्या असलेल्या माणसाला मात्र पाचातला एक एवढंच दिसत होतं. घरी ८६ वर्षांची आजेसासू असेल, ६७ वर्षांचे मधुमेही आणि अँजिओप्लास्टी झालेले सासरे असतील, तर ती नर्स दुसरा कसला हिशेब करणार?

वाड्यालाही या गोष्टीत काम आहे. राणोजी शिंद्यांबरोबर अठराव्या शतकात मराठी घराणी इथे आली. महाकालाचं आजचं मंदिर राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं, गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार यांची घरं मागे राहिली. आमच्या आजोळची मंडळी भिक्षुकीतली. मराठी बोलतात, पण वाक्याच्या मध्येच 'जल्दी' आणि 'बिलकुल' येतं, सकाळी पोहे-जलेबी लागते, आणि पुण्याचा माणूस आला की जरा जपून बोलतात. वाडे पेशवाई धाटणीचे. दिंडी, ओसरी, चौक, माडी, मागे न्हाणीघर आणि बोळात उघडणारं मागचं दार. या मागच्या दाराने येऊन, न्हाणीघरात आंघोळ करून, घरातल्या कुणालाही न शिवता थेट जिन्याने वर जाता येतं. ही सोय कुणी साथीसाठी केलेली नव्हती. ती सोवळ्या-ओवळ्यासाठी होती.

आजीला म्हणूनच सारं पटकन कळलं. दूरदर्शनवर 'विलगीकरण' म्हणत होते, मामेभाऊ 'क्वारंटाईन' म्हणत होता, आणि आजी म्हणाली, "म्हणजे बाहेरची बसायचं. त्यात काय एवढं." लग्न होऊन आली तेव्हापासून पाळी जाईपर्यंत दर महिन्याचे तीन दिवस तिने मागच्या खोलीत काढले होते. कुणी ताट सरकवायचं, कुणी वरून पाणी घालायचं, मूल रडलं तरी घ्यायचं नाही. ते नियम तिच्या हाडात होते. वहिनीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून चिकटवलेले नियम आजीला वाचावे लागले नाहीत. उलट तिनेच एक भर घातली. ताट ठेवताना हात लांब करायचा नाही, ताट ठेवून आधी आपण मागे व्हायचं आणि मग हाक मारायची. "नाहीतर दोघींचे हात एकदमच जातात गं."

मला हे ऐकताना बरं वाटलं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या चालीने बायकांना महिन्यातले तीन दिवस अस्पृश्य ठरवलं आणि माणसांच्या जातीच्या जाती गावाबाहेर ठेवल्या, तीच चाल वहिनीच्या उपयोगी पडली. दोन्हींतला फरक मी वहिनीला विचारला. ती केळ्याचे वेफर्स खात होती. म्हणाली, "तेव्हा आत्याबाईंना कुणी विचारलं नव्हतं. मला मी स्वतः सांगितलं." ती आजीला आत्याबाई म्हणते. सासरची जुनी पद्धत.

तिची घरी परतण्याची रीत मी तिच्याकडून प्रत्यक्ष करवून घेतली, कारण तोंडी सांगताना ती निम्मं गाळत होती. हाताला सवय झालेलं माणूस सांगू शकत नाही. स्कूटी बोळातच, हँडलला सॅनिटायझरची बाटली बांधलेली. चपला बोळात, दुसरी जोडी दाराच्या आत. मोबाइल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुसायची, मोबाइल पिशवीतच वापरायचा. न्हाणीघराच्या दाराशी साबणाची पूड घातलेल्या गरम पाण्याची बादली मामेभाऊ आधीच ठेवून गेलेला असे. तिने बोळातून दोनदा हॉर्न वाजवला की चौकातली माणसं ओसरीच्या आत जायची. कपडे बादलीत. मास्क सगळ्यात शेवटी, आणि दोरीला धरून. मग डोक्यावरून आंघोळ, रात्रीचे दोन असोत की पहाटेचे पाच. मेच्या उकाड्यात ते बरं वाटे, डिसेंबरात माळव्याच्या थंडीत ओल्या केसांनी माडीवर बसून ती दात वाजवत असे. "कोरोनाने नाही, न्यूमोनियाने मरेन असं वाटायचं."

दवाखान्यात अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काहीच चालत नव्हतं. कोपरापासून खाली हात मोकळे हवेत हा संसर्ग टाळण्याचा जुना नियम आहे. तिने पहिल्याच दिवशी मंगळसूत्रही काढून देवघरातल्या डबीत ठेवलं. बाकी सगळं सहज स्वीकारणारी आजी इथे अडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चौकातून वर बघत म्हणाली, "निदान टिकली तरी लाव." वहिनी रोज टिकली लावायची, मग मास्क, मास्कवर फेसशील्ड, आणि सहा तासांनी पीपीई किट काढेपर्यंत घामाने ती टिकली कुठेतरी कानाशी पोचलेली असायची.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिचा गृहपाठ संध्याकाळी व्हायचा. ती चौकात पाटावर, आई वर गॅलरीच्या कठड्याशी. पाढे मोठ्याने म्हणायचे असल्यामुळे ते जमून गेलं. अक्षर तपासायचं असलं की वही टोपलीत ठेवून दोरीने वर जायची, पण खाली यायची नाही, कारण वर गेलेली वस्तू खाली येऊ द्यायची नाही हा नियम होता. वर्षभरात माडीवर चौदा वह्या साठल्या. मुलीला हा व्यवहार फार आवडे, कारण दर वेळी नवी वही मिळायची.

त्याच दिवसांत भोपाळचे दोन फोटो देशभर फिरले. एकात भोपाळचे मुख्य चिकित्सा अधिकारी डॉ. सुधीर देहरिया पाच दिवसांनी घरी गेलेले, आत न शिरता घराबाहेर बसून चहा पिताहेत, आणि बायको-मुलं दारात उभी आहेत. दुसऱ्यात जे. पी. रुग्णालयाचे डॉ. सचिन नायक. पत्नी आणि लहान मुलाला आपल्यामुळे लागण नको म्हणून त्यांनी आपल्या मोटारीलाच खोली केली होती. मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली, लोकांनी हात जोडले. दोघांनी केलं ते मनापासूनच, त्यात शंका नाही. पण वहिनीने तो मोटारीचा फोटो बघून विचारलं होतं, "गाडी नसलेल्यांनी काय करायचं?" चहाच्या फोटोबद्दलही तिचा एक प्रश्न होता: चहा केला कुणी? डॉक्टर दाराबाहेर बसतात तेव्हा आतलं घर चालू असतं. नर्स दाराबाहेर बसते तेव्हा आतलं घर कुणीतरी हातात घ्यावं लागतं. आमच्याकडे ते मामीने घेतलं, गुडघे धरून, ६२ व्या वर्षी. तिचा फोटो कुणी काढला नाही. मामेभाऊ भांडी घासायला शिकला, हेही नोंदवते. तो स्वतःच दर वेळी सांगतो.

बेळगावची चित्रफीत आठवत असेल. तिथल्या सरकारी रुग्णालयातली नर्स ड्युटीनंतर वेगळी ठेवलेली. वडिलांनी छोट्या मुलीला मोटारसायकलवर आणलं, ती लांबूनच आईकडे हात करून रडतेय, आणि आईला जवळ येता येत नाही. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या नर्सला फोन केला. आणि त्याच्याही दोन वर्षं आधी, निपाहच्या वेळी, केरळातल्या पेराम्ब्रा इथल्या लिनी पुथुस्सेरी. रुग्णाची शुश्रूषा करताना लागण झाली, आणि २१ मे २०१८ रोजी त्या गेल्या. अतिदक्षता विभागातून त्यांनी नवऱ्याला चिठ्ठी लिहिली, मुलांना सांभाळायला सांगणारी. लिनींच्या त्या चिठ्ठीबद्दल वहिनीला माहीत होतं. कोरोना वॉर्डातल्या नर्सांच्या मोबाइलवर ती फिरत होती. तिनेही एक लिहून ठेवली होती का, हे मी विचारलं नाही.

आता कागदाकडे वळू, कारण माया घरात असते आणि जबाबदारी कागदावर ठरते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचा विचार सरकारी कागदांत कुठे होता, हे मी शोधत गेले. मार्च २०२० अखेर केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. योजना चांगली, पण ती कर्मचाऱ्याच्या मृत्यूची. कर्मचारी वाचला आणि त्याने आणलेल्या लागणीने घरातली आई गेली, तर त्या आईसाठी कोणताही रकाना नव्हता. त्याच महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं. रुग्णसेवेतल्या कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशी दोनदा ४०० मिलिग्रॅम आणि मग आठवड्याला एक, सात आठवडे. बाधिताच्या घरातल्यांना तीन आठवडे. घरच्यांचा उल्लेख आला तो असा, एका गोळीच्या निमित्ताने. ती गोळी फारशी उपयोगाची नव्हती, असं पुढे दिसलं.

राहण्याच्या सोयीची गोष्ट जास्त बोलकी आहे. दिल्लीत, मुंबईत काही डॉक्टरांना हॉटेलं मिळाली. ताजसारख्यांनी खोल्या उघडल्या. छोट्या शहरांत लॉज नाहीतर वसतिगृह. वहिनीला एका ठिकाणी चौघींत एक खोली आणि मजल्याला एक न्हाणीघर असं देऊ केलं होतं. ती म्हणाली, चौघींपैकी एकीला असेल तर चौघींना होईल, त्यापेक्षा माझी माडी बरी. मग १५ मे २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची नवी सूचना आली: ज्यांचा संपर्क फार धोक्याचा ठरेल त्यांनाच १४ दिवस वेगळं ठेवायचं, बाकीच्यांनी काम चालू ठेवायचं. म्हणजे ड्युटी संपली की घर. याविरुद्ध एका डॉक्टर बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटलं की संसर्गापासून स्वतःला वाचवण्याची अंतिम जबाबदारी त्या कर्मचाऱ्याचीच. युद्धात सैनिकांना नाराज ठेवून चालत नाही, अशा आशयाचं न्यायालय बोललं, आणि १७ जून रोजी पगार व विलगीकरणाच्या सोयीबद्दल राज्यांना आदेश द्यायला केंद्राला सांगितलं.

तोवर अडीच महिने झाले होते. अंतिम जबाबदारी ज्याची त्याची, हे वाक्य वहिनीला वाचून दाखवलं तर तिला राग वगैरे आला नाही. "आम्ही तसंच धरून चाललो होतो," एवढंच म्हणाली. मला मात्र ते वाक्य सुटत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना वाचवण्याची सगळी यंत्रणा म्हणजे बादली, टोपली, तेरा पायऱ्या आणि आजीच्या डोक्यातले जुने नियम. ती सरकारने दिलेली नव्हती. ज्यांच्याकडे मागचं दार होतं त्यांच्याकडे ती होती.

ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्यात सगळ्यात मोठी संख्या आशा सेविकांची. देशात त्या दहा लाखांच्या घरात, महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार. दारोदार जाऊन ताप विचारायचा, बाहेरून आलेल्यांची नोंद करायची, आणि या जादा कामाचा भत्ता तेव्हा महिन्याला १,००० रुपये. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला तेव्हा मानधनाबरोबर हाही मुद्दा होता. घरी विलगीकरण करायचं तर वेगळी हवेशीर खोली आणि वेगळं शौचालय हवं, असं सरकारी पत्रक सांगत होतं. ते पत्रक घरोघर वाटणारी बाई स्वतः एका खोलीत पाच माणसांत झोपत होती. वहिनीच्या ओळखीची उज्जैनची एक आशा रात्री दारात, उंबऱ्याच्या बाहेर झोपायची. पाऊस आला की उंबऱ्याच्या आत.

दारोदार जाण्यात दुसराही धोका होता. इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये १ एप्रिल २०२० ला तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातल्या डॉ. तृप्ती काटदरे आणि डॉ. झाकिया सय्यद दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत गेल्या. अशा घटना देशात ठिकठिकाणी झाल्या, घरमालकांनी नर्सांना खोल्या सोडायला लावल्या, आणि २२ एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाणच नव्हे, त्याचं राहणं-जगणं मुश्किल करणारा छळही गुन्हा ठरला. खिडकी लावून घेणं अर्थातच त्यात बसत नाही.

१८९७ च्या कायद्यापाशी मराठी वाचकाला थांबावंच लागतं. मुंबईत मांडवीला १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग सापडला, ४ फेब्रुवारी १८९७ ला कायदा झाला, आणि सव्वा महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्या जाण्याकडे आपण हौतात्म्य म्हणून बघतो. पण ती एका डॉक्टरच्या आईचीही गोष्ट आहे. त्यांचे चिरंजीव यशवंत लष्करी सेवेत डॉक्टर होते. आईच्या बोलावण्यावरून ते आले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेरच्या मोकळ्या हवेत, त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच ६६ वर्षांच्या सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन मळ्यात आल्या. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलगा डॉक्टर, दवाखाना त्याचा, आणि त्याच दवाखान्यातल्या कामात आई गेली. पुढे यशवंतही प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना गेले. मधल्या वर्षांत त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. वहिनीशी बोलल्यावर केला. आईला मळ्यापासून लांब ठेवायला हवं होतं असं त्यांना वाटलं असेल का? आणि वाटलं असतं तरी सावित्रीबाईंना कोण लांब ठेवू शकलं असतं? ज्यांना जपायचं ती माणसं जपून घ्यायला तयार असतीलच असं नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड बाजू. आमच्या मामांकडे मी त्यासाठीच येते आहे.

सावित्रीबाई गेल्यानंतर काही दिवसांतच प्लेग अधिकारी रँडचे सोजीर पुण्यात घराघरांत शिरून रोगी आणि त्यांचे नातेवाईक बाहेर काढू लागले. त्या वेळी माणसांना वेगळं काढायला सरकार घरात घुसलं. आमच्या वेळी सरकारने ते काम आमच्यावर सोडलं. दोन्हींतलं कुठलं वाईट, याचा निवाडा मला करता येत नाही. तरी पुण्याच्या माणसांनी तेव्हा काय भोगलं ते माहीत असल्यामुळे दुसरं बरंच म्हणायचं.

घरच्यांना आपल्यामुळे लागण होईल ही भीती पोकळ होती का? नव्हती. स्कॉटलंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरातल्यांची नोंद जोडून बघण्याची सोय आहे. तिथल्या संशोधकांनी १ लाख ५८ हजारांवर कर्मचारी आणि त्यांच्याबरोबर राहणारे २ लाख ३० हजारांच्या आसपास लोक यांचा २०२० च्या मार्च ते जूनमधला हिशेब मांडला. १८ ते ६५ वयात कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी दर सहातला एक माणूस आरोग्य कर्मचारी नाहीतर त्याच्या घरातला होता. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दाखल व्हावं लागण्याची शक्यता इतर कर्मचाऱ्यांच्या तिपटीहून जास्त, आणि त्यांच्या घरातल्यांना जवळजवळ दुप्पट. एकूण धोका टक्क्याच्या आतच होता, हेही त्यांनी लिहिलं. वहिनीने हे ऐकून दुप्पटवर बोट ठेवलं, टक्क्याच्या आतवर नाही.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. तिला पहिल्या आठवड्यातच लस मिळाली. घरातल्यांना नाही. ६० वर्षांवरच्यांची पाळी १ मार्चला आली. मधले सहा आठवडे एक विचित्र अवस्था होती. ढाल तिच्याकडे आणि जपायची माणसं उघडी. लस घेतलेल्याकडून दुसऱ्याला लागण होते की नाही हे तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं, म्हणून ती वरच राहिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मामा आणि आजी दोघांना कोव्हिशील्डचा पहिला डोस मिळाला. दुसरा चार आठवड्यांनी मिळायचा होता, पण २२ मार्चला अंतर सहा ते आठ आठवड्यांवर गेलं.

होळीच्या दिवशी वहिनी खाली आली. २८ मार्च. मामीने पुरणपोळी केली होती. मुलीने आईला हात लावण्याआधी "आता चालतं ना?" म्हणून सगळ्यांना विचारून घेतलं. देवघरातली डबी निघाली. मंगळसूत्राची वाटी काळी पडली होती ती आजीने चिंचेने घासली.

एप्रिल उजाडला तो सगळ्यांना आठवतो तसाच. दुसऱ्या आठवड्यात वॉर्ड भरले, जमिनीवर गाद्या आल्या. वहिनी एका रात्री जेवताना म्हणाली, मी उद्यापासून परत वर जाते. मामा म्हणाले, "आता कशाला? तुझे दोन डोस झाले, माझाही एक झाला. ती पोरगी आत्ता कुठे आईजवळ झोपायला लागली आहे." मामा घरातले मोठे. शिवाय ते चुकीचं काही बोलत नव्हते. वहिनी वर गेली नाही. न्हाणीघराचा नियम मात्र तिने सोडला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मामांना ताप आला. महिना संपायच्या आत ते गेले. आजीला साधा खोकलाही झाला नाही. मुलगी, मामी, मामेभाऊ तिघं पॉझिटिव्ह निघाले आणि घरीच बरे झाले. वहिनीची चाचणी दोनदा निगेटिव्ह आली.

या घरात एक प्रश्न कुणी विचारत नाही. मामा त्या आठवड्यात पेन्शनसाठी बँकेत गेले होते. लशीच्या दिवशी तीन तास रांगेत होते, पण ते महिनाभर आधीचं. मामेभाऊ रोज कामावर जात होता. दूधवाला, भाजीवाला, गल्लीत झालेलं एक तेरावं. शक्यता मोजायला बसलं तर दहा निघतात, आणि वहिनी ही त्यातली एक. मी तिला स्कॉटलंडचाच पुढचा हिशेब सांगितला, कारण मला वाटलं त्याने हलकं वाटेल. आरोग्य कर्मचाऱ्याने लस घेतली की घरातल्यांना लागण होण्याचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटलं, असं त्याच संशोधकांना दिसलं होतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीस म्हणजे सत्तर उरले ना."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती माडीवर घेऊन गेली. तिथे आता लोणच्याच्या बरण्या आणि जुनी कपाटं आहेत, चौदा वह्या एका कपाटात. खिडकीत पत्र्याचा डबा होता, मामांच्या गोळ्यांचा. त्यात तिने एप्रिल २०२१ चा ड्युटी चार्ट घडी घालून ठेवला आहे. दवाखान्यातला नेहमीचा तक्ता, सकाळ-दुपार-रात्रीच्या खुणा, नावं शाईने, बदल पेन्सिलीने. तिच्या ओळीत सहा तारखांना लाल गोल आहेत. "ताप आला त्या दिवसापासून मागे मोजत गेले," ती म्हणाली. "ह्या दिवशी मला सुट्टी होती. ह्या दिवशी रात्रपाळी, मी दिवसभर झोपले, खाली आलेच नाही. ह्या दिवशी..." तिचं बोट नवव्या तारखेवर थांबलं. खालून मामीने चहासाठी हाक मारली. वहिनीने चार्टची घडी जुन्याच रेघांवर घातली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.